जर्मनचं पातेलं

निरवांगी, ता. इंदापूर
४ मे २०२५

फुग्याच्या मालक साहेबांना,

निरवांगीवरनं साखरबाई आबाजी रूपनवर हिचा रामराम.

तुमची पेटी आमच्या मक्याच्या रानात पडलीय. पांढऱ्या थर्माकोलची हाय, वर लाल कापडाची छत्री आन् फाटक्या फुग्याचं लांबच लांब रबर. आमचे मालक आधी म्हणले, "हात लावू नगंस, बाँब असंल." म्हणलं, बाँबवर कोण पत्ता लिवून ठिवतंय व्हय? पत्र्याच्या पट्टीवर तुमच्या पुण्याच्या हापिसाचा पत्ता कोरलाय, त्यावरनं हे पत्र लिवतीय. खाली कागदाच्या चिठ्ठीवर फोन नंबर हुता, पर तो आता पार पुसला गेलाय. ऱ्हायला असता तरी माजा उपेग न्हवता. मला कानानं लई कमी ऐकू येतं. मालकांच्या हातात फोन दिला तर "बरं, बरं" म्हणत्यात आन् ठिवून देत्यात. काय ठरलं ते त्यांना तरी कुठं ठावं असतं! साक्षरता वर्गात मी लिवायला शिकले, तवापास्नं जे काय असंल ते कागदावरच मांडते.

पेटी मातीत लोळल्याली हुती. मी सगळी सोच्छ करून ठिवलीय. दुसऱ्याची वस्तू माखल्याली परत द्यायची आमच्यात रीत न्हाय. तुटलं-फुटलं काय न्हाय. माणूस धाडा आन् घेऊन जावा.

येक सांगा. ही वर कशापायी धाडली हुती? मालक म्हणत्यात, पाऊस पाडायला. तसं असंल तर पुढच्या वेळी छत्री काढून धाडा.

साखरबाई


पुणे
१२ मे २०२५

साखरबाई आजी,

तुम्ही ज्यांना पत्र लिहिलंत ते साहेब म्हणजे मीच. माझं नाव अनिसा शिकलगार. मूळची बारामतीची. तुमचं पत्र टेबलावर आलं आणि मी खुर्चीतून उडालेच. ती पेटी गेली असं धरून आम्ही सगळे सुतकी चेहऱ्यानं बसलो होतो. तिच्यातलं ठिकाण सांगणारं यंत्र वरच बंद पडलं होतं.

पेटी पाऊस पाडत नाही. आबांना सांगा, तसं जमलं असतं तर आधी आमच्या बारामतीवर पाडला असता. ती आभाळातली धूळ गोळा करते. अंधार पडल्यावर ताऱ्यासारखे ठिपके ओळीनं सरकताना पाहिलेत ना? ते उपग्रह. फोन, टीव्ही, हवामानाचे अंदाज त्यांच्यावर चालतात. त्यांचं काम संपलं की ते खाली येतात, आणि हवेत शिरताना तापून जळून जातात. जळाला म्हणजे मिटलं, असं सगळे धरून चालले होते. पण धातू जळून नाहीसा होत नाही. त्याची पिठाहून कितीतरी बारीक भुकटी होते आणि ती वर्षानुवर्षं वर तरंगत राहते. पूर्वी उपग्रह थोडे होते, आता हजारोंनी सोडतात. उन्हातले वाईट किरण अडवणारा ओझोनचा थर त्याच उंचीवर आहे. ह्या भुकटीनं त्याला धक्का लागेल का, वरची हवा तापेल का, वारे बदलतील का, हे अजून कुणालाही नक्की सांगता येत नाही. आधी आपल्या डोक्यावर ती भुकटी आहे का आणि किती, हे तरी मोजावं म्हणून सोलापूरजवळून फुगे सोडले. पहिले दोन अर्ध्यातच फुटले. हव्या त्या उंचीवर गेली ती तुमच्या रानातली पेटी. माझं दोन वर्षांचं काम तिच्यात आहे.

अब्बांना फोन केलाय, ते येऊन घेऊन जातील. चाँदभाई त्यांचं नाव, बारामतीत भांड्यांचं दुकान आहे. तुम्ही पेटी पुसून ठेवलीत हे अम्मीला सांगितलं तर म्हणाली, "अशी माणसं आहेत अजून." मला अगदी भरून आलं, आजी.

अनिसा


निरवांगी
२१ मे २०२५

अनिसा बाळ,

तुजे वडील तुज्या पत्राच्या आधीच येऊन गेले. मानूस गोड हाय, पर चहा नको नको म्हणतंय. शेवटी मी कपच हातात दिला. तुजा आजा गावोगाव कल्हई करत हिंडायचा असं म्हणले. म्हंजी आमच्यासारखाच. आमीबी मेंढरं घिऊन असंच हिंडायचो, आता चार एकरात रुतून बसलोय.

पेटीत गुळाचा मोठा खडा ठिवलाय. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत धाडू नये. तुमच्या हापिसात सगळ्यांना थोडा थोडा दे.

तुजं पत्र मी मालकांना वाचून दाखवलं. त्ये आता सांजच्याला खाटंवर उताणं पडून ठिपकं मोजत्यात. म्हणत्यात, "ह्यो जळणार, ह्यो बी जळणार." मला येक कळंना. चुलीतलं लाकूड जळलं तर राख पडती, ती आपुन उचलून उकिरड्यावर टाकतो. ह्या वरच्या राखंला उचलायला कोण हाय? ज्येंनी धाडलं त्येंनी काय इचार केला हुता का न्हाय?

साखरबाई


पुणे
२८ जून २०२५

प्रिय आजी,

ही बातमी अम्मी-अब्बांच्या खालोखाल तुम्हालाच सांगतेय. भुकटी सापडली! थोडी नाही, आम्ही धरलं होतं त्याच्या कितीतरी पट. पेटीतल्या गोल गाळण्यांवर अॅल्युमिनियमच अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियम म्हणजे आपल्याकडे ज्याला जर्मन म्हणतात ते. उपग्रहाचा सांगाडा बहुतेक त्याचाच असतो. मातीतही ते असतं, पण मातीतलं असेल तर सोबत वाळूचा अंश येतो. इथं तो जवळजवळ नाहीच. म्हणजे ही मातीची धूळ नव्हे.

आमचे प्रमुख इंद्रजित सर सहसा कुणाला शाबासकी देत नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर टाळी वाजवली. ऑगस्टमध्ये मोठी सभा आहे, तिथं मी हे मांडणार. ते मानलं गेलं तर काम पुढं तीन वर्षं चालेल, नाहीतर सप्टेंबरात गाशा गुंडाळायचा. एका गाळणीची आणखी एक तपासणी बाकी आहे, पण त्या यंत्रासाठी रांग आहे. सर म्हणाले, एवढं उघड दिसतंय तर थांबायचं कशाला.

गूळ सगळ्यांनी खाल्ला. अब्बा अजून सांगतात, "पेटी काय चमकत होती, माझ्या दुकानात नवा माल असा दिसत नाही." तुमच्या हाताला यश आहे, आजी.

तुमची अनिसा


निरवांगी
७ जुलै २०२५

अनिसा बाळ,

लई बरं वाटलं. मी बचत गटातल्या बायांना सांगितलं, आमच्या रानातल्या पेटीनं पोरीचं नाव काढलं.

पर बाळा, जर्मन सापडलं म्हंतीस, ते आमच्या पातेल्याचं तर नसंल? त्या आतल्या गोल गोल चकत्या मळकट दिसत हुत्या बघ. पुरीएवढ्या. चिमटं काढलं की कप्पा लगीच उघडतोय. मी त्या येक येक काढून जर्मनच्या पातेल्यात चिंचंच्या पाण्यात घातल्या, वाईच गरम केलं, हलक्या हातानं चोळल्या आन् सावलीत खाटंवर वाळवल्या. कशा पांढऱ्याफेक झाल्या! फाटली येक न्हाय. मंग जशा हुत्या तशा परत लावल्या. चिंचंनं पातेलंबी आतनं लखलखीत निघालं. म्हंजी त्याचं जर्मन पाण्यात उतरलंच असंल न्हवं?

उगा शंका आली म्हणून इचारलं. तू शिकल्याली हायेस, तुला कळतंय.

साखरबाई


निरवांगी
९ ऑगस्ट २०२५

अनिसा,

महिना होऊन गेला, तुजं पत्र न्हाय. मालक म्हणत्यात, मोठ्या सभंची गडबड असंल. मला तसं वाटंना. माजं काय चुकलं का? गूळ कुणाला बाधला का? का वडिलांना मी चहाचा लई आग्रेव केला? जे असंल ते लिव. मला ऐकू येत न्हाय, त्यामुळं कुणी अबोला धरला तरी लवकर कळत न्हाय, आन् कळलं की मग लई लागतंय.

साखरबाई


पुणे
१६ ऑगस्ट २०२५

साखरबाई आजी,

गूळ कुणाला बाधला नाही. चहाचंही काही नाही.

तुमचं जुलैचं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यावर उभी राहून वाचलं आणि तिथंच बसले. मला तुमचा भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू? त्या चकत्यांवरचा मळ म्हणजेच माझं काम होतं. तो मळ आणायला आम्ही फुगा तीस किलोमीटर वर पाठवला, आणि तुम्ही तो चिंचेच्या पाण्यात धुऊन काढलात! मग आम्ही जे मोजलं आणि टाळ्या वाजवल्या, ते तुमचं पातेलं होतं. अब्बांवरसुद्धा ओरडले, की पेटी इतकी चमकत होती तर तुम्हाला शंका कशी आली नाही. ते बिचारे म्हणाले, "बेटा, चमकणाऱ्या भांड्यावर मी आजवर शंका घेतलेली नाही."

मग राग उतरला आणि लाज वाटायला लागली. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, "सगळी सोच्छ करून ठिवलीय." मी त्याचा अर्थ वरून फडकं फिरवलं असा लावला. भांड्यांच्या दुकानदाराची पोर मी, गावाकडच्या बाईचं "सगळी सोच्छ" म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. पेटीवर "उघडू नका" असं आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं. "नाजूक वस्तू" एवढं होतं, तेही इंग्रजीत. आणि ती राहिलेली तपासणी आधी केली असती तर तेव्हाच कळलं असतं. उपग्रहाच्या धातूत लिथियम नावाचा आणखी एक धातू थोडा मिसळलेला असतो. पातेल्यात तो नसतो. मी घाई केली.

मी इंद्रजित सरांना सगळं सांगितलं. सभेतलं माझं नाव काढून घेतलं. ते चिडले, पण म्हणाले, "आज सांगितलंस ते बरं झालं, सभेनंतर कळलं असतं तर आपलं तोंड काळं झालं असतं." आता एक शेवटचा फुगा उरलाय. तो पावसाळा सरता सरता सोडायचा, त्यासाठी सरांनी डिसेंबरपर्यंत मुदत मागून घेतलीय. तोही वाया गेला तर काम बंद.

एक मागणं आहे. तुमचं ते पातेलं तपासायला हवं, म्हणजे गाळणीवरचं अॅल्युमिनियम त्याचंच हे पक्कं होईल. अब्बा नवीन स्टीलचं पातेलं घेऊन येतील.

अनिसा


निरवांगी
२४ ऑगस्ट २०२५

अनिसा,

पत्र वाचून मला आधी तुजा राग आला. आमी मायेनं केलं आन् तू अशी बोलतीस! मंग माजा मलाच आला. जेवन ग्वाड लागंना. मालकांनी इचारलं, काय झालं, तर मी पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आन् म्हणले, "मी सांगितलं हुतं हात लावू नगंस." ह्या मानसाचं जन्मात येकदा बराबर आलंय, आता मरस्तवर ऐकवणार.

पोरीची दोन वरसं मी चिंचंच्या पाण्यात बुडवली. लई वाईट वाटलं गं. ह्येच्यावर मला दुसरं काय लिवता येत न्हाय.

पातेलं चाँदभाईंच्या हातात दिलंय. मेंढरांमागं हिंडताना घोड्याच्या पाठीवर तेच असायचं, वजनाला हलकं म्हणून. माजी दोनी लेकरं त्यातल्या कण्यांवर वाढली. तुज्या वडिलांचं स्टीलचं मी घेतलं न्हाय. माजं मला परत पायजे. तपासा, खरवडा, पर भोक पाडू नका.

आन् पुढच्या पेटीवर मराठीत लिवा. नुसतं "उघडू नका" लिवून भागायचं न्हाय. उघडू नका म्हणलं की बाया वरनं धुत्यात. "धुऊ नका, पुसू नका, उन्हात ठिवू नका, हाय तशी ठिवा" असं मोठ्या अक्षरात लिव. तरीबी मला खात्री न्हाय. मळकट वस्तू दिसली की वाचायच्या आधी हात चालतोय. ते माज्यावर सोड.

साखरबाई


पुणे
२२ सप्टेंबर २०२५

आजी,

पातेलं तपासलं. गाळणीवरचं अॅल्युमिनियम त्याचंच निघालं, शंभर टक्के. आता निदान मनात पाल चुकचुकत राहणार नाही. भोक पाडलेलं नाही, पण ते अजून काही दिवस इथं ठेवावं लागेल.

तुम्ही सांगितलेले शब्द जसेच्या तसे पेटीवर रंगवून घेतले. सरांनी विचारलं, मजकूर कुणी लिहिला? मी म्हटलं, आमच्या तज्ज्ञांनी. ठिकाण सांगणारं यंत्रही नवीन लावलंय, पण मागच्या अनुभवानं माझा त्याच्यावर भरवसा नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फुगा सुटेल. वारा कसा असेल त्यावर कुठं पडेल ते ठरणार. इंदापूर, बारामती, कदाचित मोरगावपर्यंतही जाईल. "ते माज्यावर सोड" म्हणालात, ते काय ते सांगाल का? मला धास्ती वाटतेय.

अनिसा


निरवांगी
१० ऑक्टोबर २०२५

अनिसा बाळ,

आता सांगते. मी इंदापूरच्या बाजारात चार वेळा जाऊन बसले. भाजी इकणाऱ्या बायांना सांगितलं, बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, बायांनी आपापल्या माहेरी फोन केलं. आभाळातनं पांढरी पेटी पडली तर हात लावायचा न्हाय, धुवायची तर मुळीच न्हाय. का, म्हणून इचारलं की मी माजंच उदारण दिलं. "निरवांगीच्या साखरीनं पोरीचं नशीब धुतलं" असं सांगितलं की बाया हसत्यात, आन् हसलं की ध्यानात ऱ्हातंय. माजी नणंद धोंडाबाई बारामती तालुक्यात सांगवीला दिलीय, तिला पत्र धाडलं. तिनं तिकडं साऱ्या गावात दवंडीच पिटली म्हण.

आन् पेटी पडली ती सांगवीतच, धोंडाबाईच्या शेजाऱ्याच्या कडवळाच्या रानात! यंत्र ह्यावेळी चाललं, तुमची मानसं आली, हे तुला ठावं हाय. पर ती येस्तवर काय झालं ते ठावं नसंल. येका बाईनं वल्लं फडकं आणलं हुतं, नुसती माती टिपते म्हणून. धोंडाबाईनं ते हिसकून घेतलं. मंग पेटीभवती बाया आळीपाळीनं बसल्या. कुत्रं आलं हाकललं, शेरडं आली हाकलली. सरपंच आला फोटो काढाया, त्याला म्हणल्या, लांबनं काढ.

धोंडाबाईनं फोनवर निरोप धाडला, तशी मीबी येष्टीनं गेले. पेटी बघितली. कोपऱ्यावर शेणाचा डाग हुता. माज्या हाताला नुसती खाज सुटली बघ. पर हात पाठीमागं बांधून उभी ऱ्हायले. तुमची मानसं ती घेऊन गाडीत ठिवाय लागली तवा धोंडाबाई म्हणली, "वैनी, गूळ तरी ठिव आत." मी म्हणलं, न्हाय. उभ्या जन्मात पयल्यांदा कुणाचं भांडं आमच्या दारातनं रिकामं गेलं. येष्टीत मला रडायला आलं. मालकांना सांगितलं न्हाय.

आता काय ते सांग. बरं-वाईट जे असंल ते लिव, लपवू नगंस.

साखरबाई


पुणे
६ डिसेंबर २०२५

प्रिय आजी,

ह्यावेळी उशीर मुद्दाम केला. सगळ्या तपासण्या होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्हालाही नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी तपासून घेतलं, आणि काल सरांनी सही केली.

अब्बा रविवारी निरवांगीला येतील. तुमचं पातेलं त्यांच्यासोबत पाठवतेय. भोक नाही, पोचा नाही. अम्मीनं त्यात हातच्या शेवया, खजूर आणि बदाम भरलेत. दूध तुम्ही तुमचं घाला. अब्बांना ह्यावेळी दोन कप चहा पाजा, ते नाही म्हणाले तरी.

शेणाचा डाग मी पाहिला. पेटीच्या कोपऱ्यावर तसाच होता. तो बघून मला हसू आलं. माझ्या कामासाठी इतकं कुणी केलेलं नाही, आजी.

आता तुम्ही विचारलंत ते. गाळण्यांवर अॅल्युमिनियम आहे. मागच्या वेळेच्या मानानं अगदीच थोडं, सभेत टाळ्या पडतील असं नाही. पण ह्यावेळी त्याच्यासोबत लिथियम आहे आणि तांबंही आहे, उपग्रहाच्या सांगाड्यात असतं त्या प्रमाणात. ते ना मातीतलं, ना कुणाच्या पातेल्यातलं. म्हणजे निरवांगीच्या आणि सांगवीच्या डोक्यावर ती राख खरंच आहे. तिनं पुढं काय होईल, पावसाला किंवा उन्हाला काही फरक पडेल का, ते मला आज सांगता येत नाही, आणि उगाच भीतीही घालायची नाही. त्यासाठीच काम तीन वर्षं वाढवून दिलंय. वरची राख उचलायला कोण आहे असं तुम्ही मेमध्ये विचारलं होतंत. उचलायला कुणी नाही. मोजायला आता आपण आहोत.

आणि आजी, येष्टीत रडलात ते उगाच रडलात. ती पेटी रिकामी आली नव्हती. माणसांनी वर पाठवलेलंच तिच्यातून परत आलं होतं, आणि तुम्ही त्याला हात लावला नाहीत म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं.

तुमची
अनिसा